अहिल्याबाई होळकर

अहिल्याबाई खंडेराव होळकर (जन्म : चौंडी, ३१ मे १७२५, मृत्यू : महेश्वर, १३ ऑगस्ट १७९५) या मराठेशाहीतील होळकर घराण्याच्या राज्यकर्त्या होत्या. १७६७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी नर्मदाकाठच्या महेश्वराहून माळव्यातील होळकरांच्या मुलखाचा कारभार पाहिला. लोकांनी त्यांना मातोश्री, देवी आणि पुण्यश्लोक अशी बिरुदे दिली. देशभरातील तीर्थक्षेत्री त्यांनी मंदिरे, घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे उभारली. या कामांचे वर्णन बहुधा धर्मकार्य म्हणून केले जाते आणि ते योग्यही आहे. मात्र या कामांचा मोठा भाग वाटसरूंसाठी होता. वाटेवर पाणी, रात्रीचा निवारा, शिधा आणि लुटारूंपासून संरक्षण या चार गोष्टींची सोय त्यांनी आपल्या मुलखात राज्यकारभाराचा भाग म्हणून केली आणि आपल्या मुलखाबाहेर दानधर्माच्या मार्गाने केली.

बालपण आणि विवाह

अहिल्याबाईंचा जन्म चौंडी या गावी झाला. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे धनगर समाजातील असून गावचे पाटील होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची प्रथा त्या काळी खेड्यांत रूढ नव्हती. तरीही माणकोजींनी मुलीला लिहावाचायला शिकवले असे सांगितले जाते.

पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर यांनी चौंडीच्या मुक्कामी देवळात या मुलीला पाहिले आणि सून म्हणून पसंत केले, अशी कथा प्रसिद्ध आहे. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मल्हारराव मूळचे जेजुरीजवळच्या होळ गावचे होते. शिपाईगिरीपासून सुरुवात करून ते थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या प्रमुख सरदारांपैकी एक झाले होते आणि माळव्याचा मोठा भाग त्यांच्याकडे सोपवलेला होता. अहिल्याबाईंना मालेराव हा पुत्र आणि मुक्ताबाई ही कन्या अशी दोन अपत्ये झाली.

मल्हाररावांच्या हाताखाली

१७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठी फौजांनी वेढा घातला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई त्या वेळी अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी सती जाण्याची तयारी केली. पण मल्हाररावांनी विनवणी करून त्यांना परावृत्त केले. त्यानंतरच्या बारा वर्षांत सासऱ्यांनी त्यांच्यावर कारभाराची अधिकाधिक जबाबदारी टाकली. वसुलीचे हिशोब, फौजेला रसद पुरवणे, दारूगोळ्याची तजवीज आणि पत्रव्यवहार ही कामे त्या पाहू लागल्या.

मल्हाररावांनी १७६५ मध्ये त्यांना लिहिलेले एक पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जावे, तोफखाना बरोबर ठेवून दारूगोळ्याची सोय करावी आणि पुढच्या कूचात रस्त्याच्या रक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, अशा सूचना होत्या. रस्ता राखणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, हा धडा अहिल्याबाईंना लष्करी मोहिमेत मिळाला. पुढे त्यांनी तोच यात्रेकरू आणि व्यापारी यांच्यासाठी उपयोगात आणला.

सत्तेची सूत्रे

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. सरदारकी नातू मालेराव यांच्याकडे आली. पण तेही वर्षभराच्या आत, १७६७ मध्ये, मरण पावले. पती, सासरे आणि पुत्र यांच्या पाठोपाठच्या मृत्यूंमुळे होळकरांच्या दौलतीला थेट वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याची सूचना केली. तसे झाले असते तर कारभाराची सूत्रे दिवाणांच्या हाती राहिली असती. अहिल्याबाईंनी ती सूचना नाकारली. दिवाणांच्या बोलावण्यावरून रघुनाथराव पेशवे फौजेसह क्षिप्रेच्या काठी येऊन थांबले, तेव्हा त्यांनी लढाईची तयारी केली आणि शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांशी संधान बांधले. त्यांनी स्त्रियांची तुकडी उभी केली, ही कथाही या प्रसंगाशी जोडली जाते. अखेर रघुनाथरावांना माघार घ्यावी लागली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या कारभाराला मान्यता दिली.

फौजेचे नेतृत्व त्यांनी मल्हाररावांच्या विश्वासातील तुकोजी होळकर यांच्याकडे सोपवले. तुकोजी बहुतेक काळ मोहिमांवर असत. मुलकी कारभार, न्याय आणि खजिना अहिल्याबाईंकडे राहिला. त्यांनी पडदा पाळला नाही. त्या खुल्या दरबारात बसत आणि गाऱ्हाणी स्वतः ऐकत. पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण व दानधर्म, दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार आणि रात्री पुन्हा काही वेळ कामकाज, असा त्यांचा नित्यक्रम होता.

अठराव्या शतकातील वाटा

अहिल्याबाईंच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्या काळचा प्रवास कसा होता हे पाहावे लागते. पुण्याहून उत्तर हिंदुस्थानात जाणारी मुख्य वाट चांदवडजवळ सातमाळा डोंगर ओलांडून खानदेशात उतरे. तेथून तापी ओलांडून ती सेंधव्याच्या घाटाने सातपुडा पार करी, नर्मदेच्या खोऱ्यात येई आणि विंध्याचा कडा चढून माळव्याच्या पठारावर पोहोचे. पुढे इंदूर, उज्जैन करून ग्वाल्हेर व आग्र्याकडे जाता येई. दोन मोठ्या नद्या आणि तीन डोंगररांगा या एकाच वाटेवर होत्या. तांडे, फौजा, सावकारांच्या हुंड्या नेणारे जासूद आणि काशीयात्रेला निघालेली कुटुंबे हे सारे हाच मार्ग धरत.

विदर्भातील वाटा निराळ्या होत्या. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्यावरून जाणारा मार्ग हैदराबादला नागपूरशी जोडतो आणि नागपूरहून जबलपूर, मिर्झापूरमार्गे काशीची वाट सुरू होते. वऱ्हाडात त्या काळी निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. दक्षिणेतून काशीला निघालेला यात्रेकरू पूर्वेकडची वाट धरो की पश्चिमेकडची, त्याला वाटेत अनेक सत्तांच्या हद्दी ओलांडाव्या लागत. प्रत्येक हद्दीवर जकात द्यावी लागे आणि एका हद्दीत मिळालेले संरक्षण दुसऱ्या हद्दीत चालत नसे.

जपानमधील परिस्थितीशी तुलना केली असता हा फरक स्पष्ट होतो. तेथे तोकुगावा इएयासू याने १६०१ मध्ये एदो, म्हणजे आजचे टोकियो, ते क्योतो या तोकाइदो महामार्गावर टप्प्यांची व्यवस्था सुरू केली. पुढे या मार्गावर ५३ टप्पे झाले. प्रत्येक टप्प्याच्या गावाने ठरावीक संख्येने हमाल आणि घोडे सज्ज ठेवावेत असे बंधन होते. सरकारी निरोप्यांची अदलाबदल आणि सरदारांचा मुक्काम तेथे होई, तर सामान्य प्रवाशांसाठी खाणावळी आणि उतारशाळा असत. ही व्यवस्था एका सत्तेच्या हुकुमाने चालत होती. हिंदुस्थानात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात असा हुकूम सर्वत्र चालेल अशी एकही सत्ता नव्हती. अहिल्याबाईंचा प्रत्यक्ष अंमल माळवा, निमाड आणि खानदेशातील काही भाग एवढाच होता. त्यामुळे आपल्या मुलखात बंदोबस्त आणि बाहेर दानपत्रे, असा दुहेरी मार्ग त्यांनी स्वीकारला.

वाटांची सुरक्षितता

विंध्य आणि सातपुडा या डोंगरांत भिल्ल आणि गोंड यांची वस्ती होती. डोंगरातून जाणाऱ्या मालावर कर घेणे हा आपला परंपरागत हक्क आहे असे भिल्ल मानत. या कराला भीलकवडी म्हणत. राज्यसत्तांनी हा हक्क नाकारला की वाटमारी वाढे आणि वाटमारी वाढली की शिक्षेच्या मोहिमा निघत. या फेऱ्यात व्यापार बंद पडे आणि डोंगराच्या पायथ्याची गावे ओस पडत.

जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने माळव्यात माहिती गोळा केली. त्याच्या वृत्तांतानुसार अहिल्याबाईंनी प्रथम सामोपचाराचा मार्ग अवलंबला. तो निष्फळ ठरल्यावर त्यांनी कठोर उपाय योजले आणि काही म्होरक्यांना देहदंडही दिला. त्यानंतर मात्र त्यांनी तडजोड केली. भिल्लांचा भीलकवडी घेण्याचा हक्क मान्य केला. त्याच्या बदल्यात त्यांनी आपल्या हद्दीतील वाट सुरक्षित ठेवावी, हद्दीत चोरी झाल्यास मालाची भरपाई करावी आणि पडीक जमीन लागवडीस आणावी, अशा अटी घातल्या.

या करारामुळे वाट अडवणाऱ्यांवरच वाट राखण्याची जबाबदारी आली आणि त्यांचे उत्पन्न रहदारीवर अवलंबून राहिले. प्रवासी निर्धास्तपणे आले तरच कवडी मिळणार होती. गावाच्या हद्दीतील चोरीची जबाबदारी गावरक्षकांवर टाकण्याची पद्धत मराठी मुलखात जुनीच होती. अहिल्याबाईंनी तिचा उपयोग डोंगरातील वाटांसाठी केला.

वाटमारीचा बंदोबस्त करणाऱ्या वीराला आपली मुलगी देईन असे अहिल्याबाईंनी जाहीर केले आणि यशवंतराव फणसे यांनी तो पण जिंकला, अशी आख्यायिका आहे. यशवंतराव हे मुक्ताबाईंचे पती होते. या कथेची ऐतिहासिकता कशीही असो, रस्त्यांची सुरक्षितता हा त्यांच्या कारभारातील जिव्हाळ्याचा प्रश्न होता, ही लोकस्मृती तिच्यातून व्यक्त होते.

त्यांचे सर्व प्रश्न तडजोडीने सुटले नाहीत. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी होळकरांविरुद्ध बंड केले तेव्हा त्यांनी फौज पाठवून ते मोडून काढले.

घाट, धर्मशाळा आणि विहिरी

महेश्वर नर्मदेच्या खोऱ्यात आहे, तर इंदूर विंध्याच्या वरच्या पठारावर आहे. या दोहोंमध्ये जाम येथील उभा कडा आहे. अहिल्याबाईंनी तेथे किल्ला बांधला आणि मोठ्या खर्चाने घाटरस्ता तयार करवला. डोंगराचा हा भाग जवळजवळ सरळ तुटलेला असल्याची नोंद माल्कमने केली आहे. घाटमाथ्यावरचा दगडी जाम दरवाजा आजही उभा आहे. या रस्त्यामुळे राजधानी आणि माळव्याची बाजारपेठ यांच्यातील दळणवळण सोपे झाले.

दक्षिणेकडे, नाशिक जिल्ह्यातील चांदवड हे होळकरांचे महत्त्वाचे ठाणे होते. डोंगरखिंडीजवळच्या या गावात होळकरांची टांकसाळ होती. तेथील रेणुकामातेच्या मंदिराचा जीर्णोद्धार आणि रंगमहाल या नावाने ओळखला जाणारा वाडा अहिल्याबाईंच्या काळाशी निगडित आहे. पुढे तापीकाठी थाळनेर आणि सातपुड्याच्या घाटात सेंधवा येथील किल्ले होळकरांकडे होते. अशा रीतीने चांदवडपासून महेश्वरापर्यंतच्या वाटेवरील मोक्याच्या जागांवर त्यांचा ताबा होता.

आपल्या मुलखात अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि विहिरी खोदल्या. अशा मुक्कामाच्या जागेची मांडणी साधारणतः ठरलेली असे. मध्ये मोकळे अंगण, भोवती ओवऱ्या, जवळ पायऱ्यांची विहीर किंवा बारव आणि शेजारी महादेवाचे देऊळ. जेथे अन्नछत्र असे तेथे शिजवलेले अन्न मिळे; जेथे सदावर्त असे तेथे कोरडा शिधा मिळे आणि तो प्रवासी आपल्या आचाराप्रमाणे रांधून खाई. उन्हाळ्यात रस्त्यांवर माणसे नेमून वाटसरूंना पाणी पाजले जाई. शेतात काम करणाऱ्यांची आणि त्यांच्या बैलांची तहानही या पाणपोयांवर भागवली जाई.

महेश्वराबाहेर, दुसऱ्यांच्या राज्यांत त्यांनी केलेली कामे आणखी दूरवर पसरलेली आहेत. काशी विश्वनाथाचे सध्याचे मंदिर त्यांनी बांधवले. ते १७८० मध्ये पूर्ण झाले. काशीतील मणिकर्णिका आणि दशाश्वमेध या घाटांचे बांधकामही त्यांच्या नावावर आहे आणि तेथील एक घाट त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सौराष्ट्रातील सोमनाथ येथे मूळ भग्न मंदिराजवळ त्यांनी १७८३ मध्ये नवे मंदिर उभारले. गयेच्या विष्णुपद मंदिराचे काम १७८७ मध्ये झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला. पंढरपुरात त्यांनी वाडा व राममंदिर बांधले, तर जेजुरीत त्यांच्या काळातील होळकर तलाव आहे.

यांपैकी काशी १७७५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या वर्चस्वाखाली होती आणि गया त्याआधी दहा वर्षांपासून. जगन्नाथपुरी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होती, रामेश्वर सेतुपतींच्या आणि केदारनाथ गढवालच्या राजांच्या. या सर्व ठिकाणी अहिल्याबाईंना हुकूम करण्याचा अधिकार नव्हता. तेथे काम करायचे तर स्थानिक सत्तेची अनुमती, विश्वासू कारकून आणि दरसाल न चुकता पोहोचणारा पैसा आवश्यक होता. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ आणि कलकत्ता या दरबारी त्यांचे वकील असत. त्यांचा मुख्य उद्देश राजकीय होता. तथापि दूरच्या क्षेत्री काम उभे करण्यास अशा संबंधांचा उपयोग होत असावा हे उघड आहे.

केदारनाथच्या वाटेवर अतिशय दुर्गम अशा जागी त्यांनी दगडी धर्मशाळा आणि पाण्याचे कुंड बांधले होते. १८१८ मध्ये तेथे गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला ते सुस्थितीत आढळल्याचे माल्कमने लिहिले आहे. दक्षिणेतील अनेक देवस्थानांना अभिषेकासाठी गंगाजल पोहोचवण्याची व्यवस्थाही त्यांनी लावून दिली होती. गंगाजलाच्या कावडी खांद्यावर घेऊन शेकडो कोस चालणाऱ्यांना दररोज मुक्काम लागे. त्यामुळे वाटेवरच्या धर्मशाळा आणि देवस्थानांच्या नेमणुका या गोष्टी परस्परांशी जोडलेल्या होत्या.

खासगी आणि दौलत

या कामांचा खर्च कोठून होई हा प्रश्न महत्त्वाचा आहे. होळकरांच्या उत्पन्नाचे दौलत आणि खासगी असे दोन विभाग होते. दौलतीचे उत्पन्न फौज आणि राज्यकारभार यांसाठी असे व त्याचा हिशोब पेशव्यांच्या सरकारला द्यावा लागे. खासगी ही १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना दिलेली स्वतंत्र जहागीर होती. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. घराण्यातील स्त्रीच्या मालकीचे हे उत्पन्न दुसऱ्या कोणाच्या मागणीला बांधलेले नव्हते. अहिल्याबाईंनी ते प्रामुख्याने दानधर्म आणि बांधकामे यांसाठी वापरले.

बांधकाम एकदा करून भागत नाही, याची त्यांना जाणीव होती. धर्मशाळेचे छप्पर गळते, विहिरीत गाळ साचतो आणि अन्नछत्राला रोज धान्य लागते. म्हणून अनेक ठिकाणी त्यांनी जमिनी इनाम देऊन किंवा वार्षिक रकमा ठरवून त्या उत्पन्नातून पुजारी, आचारी आणि देखभाल करणारे यांची सोय लावून दिली. त्यांच्या मृत्यूनंतरही यांतील अनेक संस्था टिकल्या, याचे हे प्रमुख कारण होय.

या विभागणीतून ताणही निर्माण झाला. माल्कमच्या मते तुकोजी अखेरपर्यंत अहिल्याबाईंच्या आज्ञेत राहिले. परंतु मराठी पत्रव्यवहारातून दोघांमधील कुरबुरी स्पष्ट दिसतात. उत्तरेत महादजी शिंदे युरोपीय पद्धतीची कवायती फौज उभारत असताना होळकरांच्या फौजेला पैशाची चणचण भासत होती आणि तुकोजी महेश्वराकडे वारंवार रकमा मागत होते. १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेने होळकरांच्या फौजेचा मोठा पराभव केला. हा पराभव फौजेची जुनी रचना, तुकोजींचा कारभार आणि दोन घराण्यांतील वैर यांचा एकत्रित परिणाम होता. तथापि शांततेच्या व्यवस्थेवर खर्च होणारा पैसा आणि युद्धासाठी लागणारा पैसा यांच्यातील ओढाताण अहिल्याबाईंच्या काळात मिटली नाही.

महेश्वर आणि इंदूर

अहिल्याबाईंनी महेश्वर हे आपले ठिकाण केले. तेथील किल्ला, नर्मदेचे घाट आणि मंदिरे त्यांच्या काळात आजच्या रूपास आली. त्यांनी विणकरांना तेथे वसवून उत्तेजन दिले आणि त्यातून महेश्वरी साडीची परंपरा भरभराटीस आली. महेश्वर दरबारातील घडामोडी पुण्यास कळवणारी बातमीपत्रे नियमित जात. जासूदांच्या जोड्या ती घेऊन याच वाटेने प्रवास करीत. ही बातमीपत्रे पुढे द. ब. पारसनीस यांनी प्रसिद्ध केली. त्या काळच्या कारभाराचे ते एक महत्त्वाचे साधन आहे.

इंदूर हे आधी लहान गाव होते. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत त्याची संपन्न व्यापारी पेठ झाली. रस्ते सुरक्षित होते, जकात आणि सारा मर्यादित होता आणि कमाविसदारांना वारंवार बदलले जात नव्हते. मालमत्तेच्या बाबतीत त्यांचे धोरणही व्यापाऱ्यांना विश्वास देणारे होते. निपुत्रिक मरण पावलेल्या धनिकाची संपत्ती सरकारजमा करण्याचा प्रघात त्या काळी सर्रास होता. अहिल्याबाईंनी विधवांचा त्या संपत्तीवरील आणि दत्तक घेण्यावरील हक्क मान्य केला. इंदूरजवळ छावणी असताना तुकोजींनी अशाच एका सावकाराच्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराच्या विधवेने महेश्वरी दाद मागितल्यावर अहिल्याबाईंनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि तुकोजींना छावणी हलवण्यास सांगितले.

अखेरची वर्षे

अहिल्याबाईंचे उत्तरायुष्य दुःखाचे गेले. मुक्ताबाईंचा एकुलता एक मुलगा नथ्याबा तरुणपणीच वारला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांचे निधन झाले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या विनवणीने स्वतः मागे फिरलेल्या अहिल्याबाईंनी मुलीची परोपरीने समजूत घातली. पण ती मागे फिरली नाही. नर्मदेच्या काठी आईच्या डोळ्यांदेखत मुक्ताबाई सती गेल्या. त्यानंतर काही दिवस अहिल्याबाईंनी अन्न घेतले नाही आणि त्या कोणाशी बोलल्याही नाहीत. पुढे त्यांनी मुलीचे स्मारक बांधले आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर

दोन वर्षांनी, १७९७ मध्ये, तुकोजींचे निधन झाले आणि होळकर घराण्यात वारसाहक्काचा कलह पेटला. यशवंतराव होळकर आणि दौलतराव शिंदे यांच्यातील युद्धांत माळवा आणि खानदेश उद्ध्वस्त झाले. त्यापाठोपाठ पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी धुमाकूळ घातला. अहिल्याबाईंनी ज्या वाटा राखल्या होत्या त्या पुन्हा असुरक्षित झाल्या आणि डोंगराकडची कितीतरी गावे उजाड पडली. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांचे राज्य इंग्रजांच्या आधिपत्याखाली गेले. राजधानी इंदूरला आली आणि खानदेशातील होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला.

त्यांच्या व्यवस्थेतील दोन भागांचे भवितव्य यातून निराळे झाले. बंदोबस्त, चौक्या आणि भिल्लांशी केलेले करार हे सत्तेवर अवलंबून होते. सत्ता कोसळताच ते संपले. दानपत्रांवर आधारलेली मंदिरे, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे मात्र बऱ्याच अंशी टिकली, कारण त्यांचे उत्पन्न स्वतंत्र होते आणि येणाऱ्या प्रत्येक सत्तेला त्यांचा मान राखणे सोयीचे वाटले. संस्थान विलीन झाल्यानंतर खासगीच्या मालमत्तांच्या व्यवस्थेसाठी १९६२ मध्ये विश्वस्त संस्था स्थापन करण्यात आली.

उत्तरेकडचा जुना मार्ग एकोणिसाव्या शतकात मुंबई–आग्रा रस्ता म्हणून बांधून काढण्यात आला. चांदवड, मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर ही गावे आजही त्याच मार्गावर आहेत.

इतिहासलेखन आणि स्मृती

अहिल्याबाईंविषयीची माहिती प्रामुख्याने तीन प्रकारच्या साधनांतून मिळते : मराठी पत्रव्यवहार व बातमीपत्रे, इमारतींवरील शिलालेख आणि माल्कमचा १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेला मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथ. माल्कमने त्यांच्या कारभाराला पाहिलेल्या लोकांच्या साक्षी घेतल्या होत्या. स्तुती ऐकून त्याने प्रथम संशय घेतला आणि निरनिराळ्या थरांतील लोकांकडे चौकशी केली. सर्वत्र आदरच आढळला असे त्याने नमूद केले आहे. त्याच्या वृत्तांतावरून स्कॉटिश कवयित्री जोआना बेली यांनी १८४९ मध्ये अहिल्याबाईंवर काव्य लिहिले.

भारत सरकारने १९९६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. इंदूरचे विद्यापीठ आणि विमानतळ त्यांच्या नावाने ओळखले जातात. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले, तर २०२४ मध्ये त्यांच्या जन्मगावाचा अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. २०२५ मध्ये त्यांची त्रिशताब्दी साजरी झाली. ३१ मे रोजी चौंडी येथे दरवर्षी जयंतीचा कार्यक्रम होतो आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून लोक तेथे येतात.